'व्हेस्ट' आणि 'निहित' : वनहक्क कायद्यातील एका क्रियापदाचा अर्थविचार

कायद्याच्या इंग्रजीतील 'व्हेस्ट' हे क्रियापद वस्तू हाती देण्याचे नव्हे, तर हक्क एखाद्याच्या ठायी कायद्याने स्थापित करण्याचे आहे. मराठी विधिभाषेत त्यासाठी 'निहित होणे', 'निहित करणे' ही रूपे योजली जातात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांनी हे क्रियापद दोनदा, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी अनुभवले आहे.

अविभक्त चांदा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये जमीनदार-मालगुजारांचे हक्क 1951 मध्ये राज्याच्या ठायी निहित झाले. गावांसाठी निस्ताराची तरतूद राहिली. जंगलाचे स्वामित्व मात्र सरकारकडे गेले. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4 हेच क्रियापद वननिवासींच्या बाजूने वापरते. तेथे ते एकटे येत नाही. 'मान्य करते आणि निहित करते' अशी जोडी आहे. जे आधीपासून आहे तेच मान्य करता येते. कायद्याची उद्देशिका ऐतिहासिक अन्यायाची कबुली देते, ती याच अर्थाला धरून.

व्यवहारात मात्र शब्द रूढ झाला तो 'पट्टेवाटप'! धान्यवाटप, सायकलवाटप यांच्या पंक्तीत हक्क जाऊन बसला. देणारा आणि घेणारा निर्माण झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचे अभिलेख 2009 मध्ये मिळाले. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्टपणे नमूद आहे. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले ते 27 एप्रिल 2011 रोजी, तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत. निहित झालेला हक्क दोन वर्षे 'देण्याची' वाट पाहत राहिला.

'मालकी' हा पर्यायही फसवा आहे. हा हक्क वारसाने जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. वैयक्तिक हक्क विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. 'निहित' हाच शब्द त्यामुळे नेमका ठरतो, जरी ग्रामसभेच्या बोलण्यात तो क्वचितच येत असेल. कायद्याच्या संक्षिप्त नावात, इंग्रजीत आणि मराठीतही, केवळ मान्यतेचा उल्लेख आहे. दुसरे क्रियापद कलमातच राहिले. पट्टा हाती नाही म्हणजे हक्कच नाही, हा समज बळावण्यास ही उणीवही हातभार लावते. वास्तविक त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमानुसार मान्यता व पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवासीला कब्जातील वनजमिनीवरून हटविता येत नाही.