पारीची परीक्षा

चिनी खाण्याविषयी आपल्या नियतकालिकांतून जे छापून येते ते बहुधा दोन जातींचे असते. एक तर पाककृती, नाहीतर एखाद्या उपाहारगृहाची मनमुराद स्तुती. समीक्षा म्हणावी असे काही क्वचितच वाचायला मिळते. वास्तविक वृत्त बिघडलेली कविता जशी कानाला कळते, तसा घाट बिघडलेला पदार्थ जिभेला कळावयास हवा. मुंबईच्या हॉटेलांतून 'डिमसम' या नावाने जे वाफाळते बांबूचे डबे टेबलावर येतात, त्यांच्याबाबतीत ही गरज आम्हांस विशेष जाणवते. वाढदिवसाच्या निमित्ताने चार माणसांचे कुटुंब जेवायला जाते, घरच्या आठवड्याच्या बाजाराइतके पैसे मोजते, आणि परतताना खाल्ले ते चांगले होते की नुसतेच महाग होते, हे कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून 'छान होतं' म्हणतो.

प्रथम नावाकडे पाहू. 'डिमसम' हा दक्षिण चीनमधल्या कँटन प्रांतातील बोलीचा शब्द. त्याची फोड 'हृदयाला किंचित स्पर्श' अशी करून सांगतात. ती गोड आहे, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ फराळ एवढाच. त्या लोकांच्या तोंडी फराळापेक्षाही 'यम चा' हा शब्द अधिक असतो आणि त्याचा अर्थ 'चहा पिणे'. मुख्य गोष्ट चहा. पदार्थ त्याच्या सोबतीला. सकाळी घरातील आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे चहागृहात जमतात, कोणी आपल्या पेल्यात चहा ओतला की बोटांनी टेबलावर हलकेच टिचकी मारून आभार मानतात, आणि लहान लहान डबे एकामागून एक येत राहतात. आपल्याकडे हा क्रम उलटला. डिमसम हे 'स्टार्टर' झाले, सोबतीला बर्फ घातलेले गोड पेय आले. डुकराच्या मांसाची चरबी जिभेवर बसली म्हणजे ती उतरवायला कडक, मातकट चवीचा पू-एर चहा लागतो; थंड पेयाने ती अधिकच थिजते. निम्मा पदार्थ इथेच हरवतो, आणि त्यात आचाऱ्याचा काही दोष नसतो.

आता पदार्थाकडे वळू. आमचे म्हणणे असे की डिमसमची परीक्षा सारणापासून करू नये, पारीपासून करावी. सारण फसले तर मसाल्याने सावरता येते. पारीला लपायला जागा नसते. कँटनच्या परंपरेत आचाऱ्याची पारख ज्यावर होते ते 'हार गाऊ' घ्या. कोलंबीचे सारण भरलेला, अर्धचंद्राच्या आकाराचा, आतली गुलाबी छटा दिसेल इतका पारदर्शक असा हा पदार्थ. त्याची पारी कणकेची नसते, गव्हाच्या सत्त्वाची असते. आपल्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात, त्याच जातीचे हे पांढरे सत्त्व. त्यात टॅपिओकाचे थोडे पीठ मिसळून वरून उकळते पाणी ओततात आणि हाताला चटके बसत असतानाच मळतात. कणकेतला चिवटपणा निघून गेल्यामुळे ही पारी पोळीसारखी लाटली जात नाही. रुंद सुऱ्याच्या पात्याला तेल लावून, गोळीवर दाब देत ते फिरवले की पातळ चकती तयार होते. मग एका बाजूने बारीक चुण्या घालत तोंड मिटतात. सात चुण्या, दहा चुण्या, कोणी त्याहून अधिक. वाफेवर काही मिनिटेच. थोडे कमी झाले तर पांढरा पिठूळ डाग राहतो, थोडे जास्त झाले तर पारी फाटते.

हे वर्णन वाचून कोणाच्या मनात उकडीचा मोदक आला असेल, तर तो योग्यच आला. पिठाला उकळत्या पाण्याचा संस्कार, गरम मळणे, हातावर पारी करणे, कळ्या पाडणे, चाळणीवर वाफवणे: सारे सख्ख्या बहिणीसारखे. गणपतीत शेजारघरून आलेला मोदक हातात घेऊन त्याची पारी जाड आहे की पातळ, हे आपल्या आया चटकन सांगत. हळदीच्या पानातल्या पातोळ्या गोव्यात १५ ऑगस्टच्या सुमारास ख्रिस्ती घरांतून होतात. त्यांचीही मातब्बरी थर किती पातळ यावरच. मग हीच नजर बांबूच्या डब्यावर का पडू नये? तिथे आपण चॉपस्टिक कशी धरावी या चिंतेत असतो, आणि जे आपल्याला खरोखर कळते तेच विसरतो.

तेव्हा हार गाऊ आले की आधी पाहावे. चुण्या दिसतात का? कोलंबीचा रंग पारीतून झिरपतो का? उचलताना बुड कागदाला चिकटून फाटले, तर पारी पातळ नव्हे, कच्च्या हाताची आहे असे समजावे. तोंडात पारी क्षणभर ताणली जाऊन मग सुटली पाहिजे, आणि आतली कोलंबी कटकन तुटली पाहिजे. कोलंबीचा लगदा झाला असेल तर ती बर्फातून फार दिवसांनी बाहेर आली आहे.

बर्फाची गोष्ट आली म्हणून सांगतो, चांगल्या डिमसमचा मोठा शत्रू तोच. खुद्द हाँगकाँगमध्येही अनेक उपाहारगृहे कारखान्यात तयार झालेला गोठवलेला माल वाफवून देतात, अशी तेथील जाणत्यांची जुनी तक्रार आहे. कारण उघड आहे. पहाटे उठून हाताने पाऱ्या करणारा कारागीर महाग पडतो, शिकायला वर्षे लागतात, आणि नवी मुले त्या कामाला येत नाहीत. सत्त्वाची पारी गोठली की तिला चिरा जातात व वाफेवर कोलंबीचे पाणी त्या चिरांतून बाहेर पडते. डब्याच्या तळाशी साचलेले पाणी हा त्याचा पुरावा.

इथे एका लोकप्रिय समजाशी आमचा मतभेद नोंदवतो. जुन्या चहागृहांतून डिमसमच्या ढकलगाड्या टेबलांमधून फिरत. त्या गेल्या, त्यांच्या जागी पदार्थांवर खुणा करण्याचे कागद आले, याचे दुःख पुष्कळांनी केले आहे. गाडीची मौज आम्हांसही मान्य आहे. पण पारीच्या दृष्टीने कागद बरा. हार गाऊ वाफेवरून उतरल्यावर थोड्याच मिनिटांत निवते, कडक आणि धुरकट होते. गाडीवर वीस टेबले फिरून आलेला डबा म्हणजे शिळी बातमी. १९७२ पासून डंपलिंग विकू लागलेल्या तैपेईच्या दिन ताई फुंग या दुकानाने काचेआड कारागीर बसवले, तेही आम्हांस याच कारणाने पटते. तेथील रसभरल्या शियाओलोंगबावला १८ चुण्या, ५ ग्रॅमची पारी आणि १६ ग्रॅमचे सारण असा नेमच आहे. यंत्रासारखी ही मोजदाद कोणाला रुक्ष वाटेल. पण आत डुकराच्या कातडीचा गोठवलेला रस्सा भरायचा, तो वाफेवर वितळायचा आणि पारी फुटू द्यायची नाही, हे तोलूनच साधते.

किंमत हा निकष नव्हे, हेही हाँगकाँगनेच दाखवले. पंचतारांकित हॉटेलातील लुंग किंग हीनमध्ये काम केलेल्या माक क्वाई पुई यांनी २००९ साली माँग कॉक या गजबजलेल्या वस्तीत टिम हो वान नावाचे छोटे दुकान काढले आणि मिशलिन मार्गदर्शिकेच्या २०१० च्या आवृत्तीत त्याला तारा मिळाला. लोक स्वस्त खाण्यासाठी तासन् तास रांगेत उभे राहिले. पुढे त्या नावाच्या शाखा देशोदेशी निघाल्या. हात मात्र शाखांना वाटून देता येत नाहीत.

आपल्या देशात हा हात कोठे शोधावा? याचे उत्तर कोलकात्याला घेऊन जाते. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयाजवळ, पोद्दार कोर्टाच्या बाजूला तिरेत्ता बाजार आहे. अठराव्या शतकात तेथे आलेल्या एका इटालियन गृहस्थाच्या नावावरून पडलेले हे नाव. चिनी सुतार, चांभार, दंतवैद्य यांची ही जुनी वस्ती. तेथे पहाटे रस्त्याच्या कडेला अॅल्युमिनियमची भांडी मांडून न्याहारी विकतात, रविवारी अधिक. डुकराचे भरड कापलेले मांस भरलेले उघड्या तोंडाचे शुमाय, पांढरे गुबगुबीत बाव, माशाच्या गोळ्यांचे सूप. हार गाऊची नजाकत तेथे शोधू नये. ही घरगुती, ओबडधोबड रांगोळी आहे. पण बाव हातात घ्यावा आणि दाबून पाहावा. ताडीने फुगवलेल्या आपल्या सांदणांना जो हलका, ओलसर लुसलुशीतपणा असतो, तोच येथे सापडतो.

हा बाजार आज विरळ झाला आहे, आणि त्याचे कारण स्वयंपाकाच्या बाहेर आहे. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे ३,००० भारतीय चिनी स्त्री-पुरुष-बालकांना केवळ वंशाच्या संशयावरून राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवले. जॉय मा व दिलीप डिसोझा यांनी २०२० साली 'द देवलीवालाज' या पुस्तकात ती हकिकत मांडली आहे. जॉय मा यांचा तर जन्मच त्या छावणीतला. सुटून आलेल्यांपैकी अनेकांनी घर आणि धंदा गमावलेला होता, आणि पुढच्या वर्षांत कुटुंबेच्या कुटुंबे परदेशी गेली. तिरेत्ता बाजारच्या पहाटेला आता चिनी हातांबरोबर इतरांचेही हात लागतात. एखाद्या पदार्थाला ओहोटी का लागली हे विचारताना आपण लोकांच्या बदलत्या आवडीनिवडीचे कारण देतो. कधी कधी ते कारण सरकारी हुकमात असते.

त्याच शहरातील टांगऱ्याचे उदाहरण वेगळे आहे. हक्का चिन्यांचे कातडी कमावण्याचे कारखाने तेथे होते. ते शहराबाहेर हलवावेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला आणि तेथील पुष्कळ जागांवर उपाहारगृहे चालू लागली. पण तेथली ख्याती मिरचीच्या झणझणीत पदार्थांची, डिमसमची नव्हे. चिनी पाट्या जास्त म्हणजे डिमसम चांगले, असा हिशेब करू नये.

मुंबईतही चिनी वस्ती होती याची साक्ष माझगावात आहे. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ १९१९ साली बांधलेले सी यप कून हे त्यांचे मंदिर आजही उभे आहे. माझगाव म्हणजे आपल्याच लोकांचे जुने गाव. माथारपाखाडीला जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पाहिले असेल? वस्ती पांगली, मंदिर राहिले. न्याहारीचा बाजार असा येथे टिकला नाही. त्यामुळे मुंबईच्या जिभेला चिनी चव शिकवली ती उपाहारगृहांनी. नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात चिकन मांचुरियन जन्माला घातले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या पदार्थाचा आम्हांस तिटकारा नाही; तो आपल्या जागी मजेदार आहे. परंतु त्याने एक सवय लावली. चव रश्श्यात असते, अशी ती सवय. म्हणून डिमसमचा डबा आला की आपले लोक प्रथम शेजवान चटणी मागतात आणि तीत पारीला न्हाऊ घालतात. मग पारी सत्त्वाची होती की मैद्याची, हे कोण पाहणार?

२०११ साली वांद्रे-कुर्ला संकुलात लंडनचे यौआचा आले आणि डिमसम हेच मुख्य भोजन असू शकते, हे मुंबईच्या श्रीमंत वर्गाला उमगले. त्याचे श्रेय द्यावयास हवे. त्यामागून आलेल्या अनुकरणांविषयी तसे म्हणवत नाही. उपनगरातील एका मॉलमधील उपाहारगृहात आम्ही पाच रंगांच्या पाऱ्यांचा डबा मागवला. बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, कोळशाचा काळा. पाचही फाटल्या, आणि पाचही सारणांची चव एकच होती.

मुंबईतील दुसरी अडचण मांसाची. बहुतेक ठिकाणी डुकराच्या जागी कोंबडी घालतात. गिऱ्हाइकांचा विचार करता ते समजण्यासारखे आहे, पण सारणाचे गणित त्याने मोडते. शुमायमध्ये चरबी चवीपुरती नसते. वाफेवर वितळून ती मांसाचे कण ओले ठेवते. कोंबडीचा खिमा कोरडा पडतो, मग तो ओला करण्यासाठी कॉर्नफ्लोअर येते आणि तोंडात खोडरबर चावल्यासारखे होते. आपल्या घरी सोरपोतेल आणि इंद्याल करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. ज्या हॉटेलात डुकराचे शुमाय मिळत असेल तेथे तेच मागवावे. कोंबडीचेच असेल तर त्यापेक्षा कोलंबीकडे वळावे. शाकाहाऱ्यांनी आळिंबीचे घ्यावे, तिच्यात स्वतःचे पाणी असते. पनीर वाफेत घट्ट होते, त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि मोमोला डिमसम म्हणून विकणाऱ्याकडे मोमोच मागावा. तिबेट-नेपाळकडचा तो मैद्याचा धट्टाकट्टा पदार्थ स्वतःच्या नावाने अधिक चांगला लागतो.

जाण्याची वेळ दुपारची निवडावी. ज्या ठिकाणी डिमसम फक्त दुपारीच देतात, तेथे ते सकाळी केलेले असण्याची शक्यता अधिक. यादीत साठ प्रकार असतील तर सावध व्हावे. साठ प्रकारांच्या पाऱ्या रोज हाताने करण्याइतकी माणसे फार थोड्या स्वयंपाकघरांत असतात. सगळे एकदम मागवू नये, दोन दोन डबे मागवावेत आणि दर वेळी गरम खावेत. पहिला डबा हार गाऊचा. चटणीची वाटी बाजूला सारून पहिला घास तसाच घ्यावा. तो पसंत पडला तर पुढचे मागवावे. नाही पडला, तर चहाचे पैसे देऊन उठायला संकोच कसला?