पाच वेळा उठावं लागतं

'येस' या इंग्रजी रॉक मंडळींचा 'येससाँग्ज' (१९७३) हा मैफलींचा संच म्हणजे तीन तबकड्या, सहा बाजू. ऐकताना पाच वेळा उठावं लागतं. सुरुवातीला स्ट्राव्हिन्स्कीचं 'फायरबर्ड' वाजतं. आमची ही म्हणाली, "नाटक आहे का हो?"

खरं सांगतो, मुद्रण गढूळ आहे. रॉजर डीनची वेष्टनावरची चित्रं लख्ख, आवाज मात्र धुक्यातून यावा तसा. पण आपल्याकडे ऐनवेळी तबलजी बदलला तर गवयाचा चेहरा बघवत नाही. इथं १९७२ मध्ये ड्रमवाला बिल ब्रुफर्डच सोडून गेला आणि दौऱ्याआधी तीन दिवसांत अ‍ॅलन व्हाइटनं सगळा कार्यक्रम बसवला! ब्रुफर्डच्याही दोन-तीन चिजा संचात आहेत, म्हणून फरक कळतो: तो नक्षी काढायचा, हा घण घालतो. मला नक्षी आवडते. तरी पाचवी अख्खी बाजू व्यापणाऱ्या 'क्लोज टू द एज'मध्ये त्या घणानंच सगळ्यांना पुढे रेटलंय. स्टुडिओतली तबकडी स्वच्छ खरी. पण चहा गार होतो तो ही ऐकताना.