हिरव्या शालूखालचे बावखल

वर्णनात्मक निबंध शिकवताना आपण मुलांना नेमके काय शिकवतो? गेल्या पावसाळ्यात वसईतील काही विद्यार्थ्यांच्या वह्या चाळताना हा प्रश्न मनात उभा राहिला. विषय नेहमीचाच : 'पावसाळ्यातील एक दिवस'. बहुतेक वह्यांत धरतीने हिरवा शालू परिधान केला होता, कृष्णमेघांनी आकाश व्यापले होते आणि पक्षी मंजुळ गात होते. पाऊस सर्वत्र कोसळत होता; मात्र तो कोणत्या गावात कोसळत होता, याचा पत्ता लागत नव्हता.

एका वहीत तेवढे निराळे वाक्य होते : 'बावखल भरलं, तसा आजोबांनी पंप काढून पडवीत ठेवला.' 'बावखल' या शब्दाखाली तांबडी रेघ आणि समासात शेरा : 'प्रमाण शब्द वापरा.'

या वाक्यात एकही विशेषण नाही, उपमा नाही. तरीही वाडी शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेला गोड्या पाण्याचा साठा, तो काठोकाठ भरणारा पाऊस, काही महिन्यांपुरती मिटलेली शिंपण्याची चिंता आणि हे सारे नजरेने ओळखणारा वृद्ध शेतकरी, एवढे त्यात सामावले आहे. 'बावखल'च्या जागी 'तळे' घातले, तर वाक्य शुद्ध होईल, पण वाडी नाहीशी होईल. वर्णन म्हणजे अलंकार चढवणे, ही समजूतच या तांबड्या रेघेच्या मुळाशी आहे.

आपल्या वाङ्मयाची साक्ष याहून वेगळी आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. या बाईंना शाळेचे रीतसर शिक्षण नव्हते. वडिलांचे कडक सोवळे सांगताना त्या विशेषणांची रास ओतत नाहीत. घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा हट्ट त्या कृतींतून दाखवतात, आणि हसू व कारुण्य वाचकाच्या मनात आपोआप उमटते. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) अलंकृत आहे, हे खरे. परंतु तेथेही आधी झाड नावानिशी ओळखलेले असते, त्या महिन्यातील त्याची पालवी वा फुलोरा पाहिलेला असतो. उपमा त्यानंतर येते. आपण मुलांना उपमा आधी देतो आणि झाड दाखवायचे विसरतो.

शिक्षकांची अडचण मला दिसते. वर्गात मुले पुष्कळ, वेळ थोडा, आणि पाठ केलेल्या वाक्यांना गुण मिळतात, हा अनुभव. शब्दसंग्रह तोकडा असलेल्या मुलाला तयार वाक्यांचा आधार वाटतो, हेही नाकारता येत नाही. पण तो आधार लवकरच सवय होतो आणि मूल आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवीनासे होते.

उपाय फारसा खर्चिक नाही. निबंधापूर्वी मुलांना दहा मिनिटे आवारात न्यावे. दिसलेल्या पाच वस्तूंची नावे आणि त्यांच्या पाच हालचाली लिहायला सांगाव्यात. विशेषण त्या दिवसापुरते वर्ज्य. कोणता वास आला, कोणता आवाज थांबला, हे विचारावे. घरचा शब्द आला तर तो खोडू नये. पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ उलगडायला सांगावे. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, परंतु ती घरच्या बोलीच्या शेजारी बसावी. तिला उठवून नव्हे.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. वसईतील अनेक बावखले भराव घालून बुजवली गेली आहेत. जी उरली, त्यांचे नाव मुलाच्या वहीतूनही आपण खोडले, तर उद्या ती बुजवताना कोणाला काही हरवल्यासारखे वाटणार नाही. ज्याला नाव नाही, त्याचा शोक कोण करणार? त्या मुलाला वही परत देताना मी शेऱ्याखाली एवढेच लिहिले : 'पंप पुन्हा कधी उतरवतात, तेही लिही.'