केवडा, मोरचूद आणि एक जुने पुस्तक

दि अ‍ॅडव्हान्स ऑफ द फंगाय. लेखक : ई. सी. लार्ज; प्रथम प्रकाशन : १९४०

योगायोगाने लागलेल्या शोधांची यादी सांगताना बोर्डो मिश्रणाची गोष्ट हटकून येते. फ्रान्समधल्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून नेत. ती विषारी वाटावीत म्हणून बागाईतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. ऑक्टोबर १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे तिथून जात असता त्यांना दिसले, की केवड्याने बागेची पाने गळाली आहेत, रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. झाले, औषध सापडले!

गोष्ट खरी आहे. पण ती इथेच संपवली, तर शोध म्हणजे नशिबाचा खेळ असा समज वर्गात पक्का होतो. वनस्पतिरोगांच्या अभ्यासाचा इतिहास सांगणारे लार्ज यांचे पुस्तक या समजावर चांगला उतारा आहे. लार्ज कादंबरीकारही होते. गोष्ट रंगवण्याची कला त्यांच्याकडे आहे, पण गोष्टीसाठी ते विज्ञानाला कात्री लावत नाहीत.

आता त्या योगायोगाच्या मागेपुढे काय होते ते पाहू. तांब्याच्या क्षारांमुळे गव्हाच्या काणीचे बीजाणू रुजत नाहीत, हे प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच दाखवले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे फायलॉक्सेरा नावाच्या मुळांवरील किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय म्हणून अमेरिकेतून कीडप्रतिकारक वेली आणल्या गेल्या, आणि त्या आयातीबरोबर केवडाही आला. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये ओळखला गेला. भुरीवर गुणकारी ठरलेले गंधक त्याच्यापुढे चालेना.

मिलार्दे हे द बारी या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे शिष्य. केवड्याचे जीवनचक्र त्यांना ठाऊक होते. पानावर पाण्याचा थर असला की त्याचे सूक्ष्म चलबीजाणू दोन केसांसारख्या कशाभिकांनी पोहतात, पर्णरंध्र गाठतात आणि आत शिरतात. आत शिरल्यावर वरून शिंपडलेले औषध तिथवर पोचत नाही. म्हणजे जे काही करायचे ते आधी, पानाच्या पृष्ठभागावरच. हे माहीत असलेल्या माणसालाच त्या हिरव्या वेली बोलक्या वाटल्या. त्यानंतरही रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या मदतीने प्रयोग चालले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध झाली. दृष्टीस पडण्याचा क्षण एक, त्यापुढची कामाची वर्षे तीन.

आता पुस्तकाच्या उणिवा. पहिली शीर्षकातच आहे. ‘फंगाय’ म्हणजे बुरशी. पण पुस्तकाची सुरुवात ज्याने होते तो १८४५ चा बटाट्यावरील करपा आणि आपला केवडा, या दोन्हींचे कारक जीव आजच्या वर्गीकरणात बुरशी नाहीत. ते ऊमायसीट गटातले, म्हणजे तपकिरी शैवालांचे दूरचे नातेवाईक. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन प्रमुख असते, यांच्यात सेल्युलोज आणि ग्लुकन. १९४० च्या लेखकाला याबद्दल दोष देता येणार नाही. पण आपण आज मुलांना केवडा ‘बुरशीजन्य’ म्हणून शिकवत राहिलो तर दोष आपला.

हा केवळ नावाचा वाद नाही. भुरीवरची ट्रायझोल गटातली औषधे बुरशीतील अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. केवड्याचा जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. मग ते औषध त्याचे काय बिघडवणार? ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, की नाशिक-सांगलीच्या बागांत पानांवर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूस पांढरी लव दिसू लागते. बागाईतदार त्याला ‘डाऊनी’ म्हणतात. अशा वेळी डाऊनी आणि भुरी यांतला फरक न कळता केलेली फवारणी म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया. फुलोऱ्यातल्या घडाला ते दिवस परत मिळत नाहीत.

दुसरी उणीव तांब्याविषयी. पुस्तकात तांबे हा विजयी वीर आहे. एकाच वेळी पेशीतल्या अनेक क्रियांवर घाव घालत असल्यामुळे केवड्याला त्याविरुद्ध सहज प्रतिकार कमावता आला नाही, हे खरे. मेटॅलॅक्सिलसारख्या नव्या औषधांना तो काही वर्षांतच पुरून उरला. पण तांब्याचे विघटन होत नाही. ते मातीत साठते आणि गांडुळांना बाधते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे अशी मर्यादा घातली. वीराची ही दुसरी बाजू शिक्षकाने पदरची जोडायला हवी.

तरीही हे पुस्तक शिक्षकांनी वाचावे. मिलार्देंची गोष्ट सांगून झाल्यावर मोरचुदाच्या द्रावणात चकचकीत लोखंडी खिळा बुडवून दाखवावा. त्यावर तांबूस थर चढतो. नीट बनवलेल्या बोर्डो मिश्रणात तो चढत नाही. चढला, तर चुना कमी पडला असे बागाईतदार ओळखतात. असे का होते, ते मुलांना शोधू द्यावे. भांडे मात्र प्लास्टिकचे घ्यावे आणि हात धुवायला लावावेत.