‘स्मृतिचित्रे’ आणि धर्मसेवेची पूर्वतयारी : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) या आत्मकथनाचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने प्रांजळपणा, विनोद व दांपत्यजीवनाचे चित्रण या अंगांनी केला आहे. ख्रिस्ती धर्माचे अध्ययन आणि धर्मसेवेची सिद्धता कशी घडते, याचा दस्तऐवज म्हणूनही ही कृती वाचता येते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. पुढे अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्यांची वाट ग्रंथांची, चिंतनाची व काव्याची होती. लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण लाभले नव्हते. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या काळात त्यांच्यापुढे सिद्धांत नव्हे, तर कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा प्रश्न होता. जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, या निर्णयाप्रत त्या प्रथम आल्या. धर्माचा स्वीकार त्यानंतरचा. हा क्रम अर्थपूर्ण आहे. विद्यालयात सिद्धांत आधी येतो व आचरण त्याचे उपयोजन ठरते. येथे मात्र आचरणातील पेचच सिद्धांतापर्यंत नेतो.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपूर्ण राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मराठीतील ख्रिस्तचरित्राचा एवढा मोठा भाग विद्यालयाची पायरी न चढलेल्या स्त्रीने रचावा, ही बाब उपरोक्त प्रतिपादनास बळ देते.

तथापि, यावरून औपचारिक अध्ययन निरर्थक ठरत नाही. लक्ष्मीबाईंचे घर हेच अध्ययनाचे केंद्र होते आणि टिळकांच्या व्यासंगाचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला; म्हणजे व्यासंगी अध्यापकासही संस्थेबाहेरची वाट आवश्यक वाटली.

समारोप :
आज पुण्यातील युनियन बिब्लिकल सेमिनरी व ज्ञानदीप विद्यापीठ येथील धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण इंग्रजीतून होते. तेथील पदवीधरास पनवेलजवळील करंजाडेसारख्या बहुभाषिक वसाहतीत सेवा करावयाची झाल्यास घराघरांतील दुःख त्या त्या घराच्या भाषेत ऐकावे लागेल. ती तयारी केवळ अभ्यासक्रमाने होणार नाही. ‘स्मृतिचित्रे’ धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमात असावे ते याचसाठी. केवळ साहित्यकृती म्हणून नव्हे.