लिन मार्ग्युलिस यांचा सहजीवन-सिद्धांत : एक चिकित्सा

पेशींच्या उत्क्रांतीविषयीच्या लेखनात लिन मार्ग्युलिस यांच्या १९६७ सालच्या निबंधाचा उल्लेख वारंवार होतो. मूळ निबंध मात्र क्वचितच वाचला जातो. सूत्री विभाजन करणाऱ्या पेशींच्या उद्गमाविषयीचा हा निबंध सुमारे पंधरा नियतकालिकांनी नाकारल्यानंतर ‘जर्नल ऑफ थिअरॉटिकल बायॉलॉजी’मध्ये लिन सेगन या तत्कालीन नावाने प्रसिद्ध झाला. पाठ्यपुस्तकांतून त्याचा जो सारांश दिला जातो, त्यात तंतुकणिका व हरितलवके ही मुळात स्वतंत्र जीवाणू होती, एवढेच प्रतिपादन येते. ते खरे आहे. परंतु अपुरे आहे.

मूळ मांडणीला तीन अंगे होती. कशाभिका व तिचे मूलकण हेही सर्पिल जीवाणूंपासून आले आणि त्यांच्यापासूनच पुढे सूत्री विभाजनाची यंत्रणा सिद्ध झाली, हे तिसरे अंग. निबंधाचे शीर्षक याच अंगावर उभे आहे, ही गोष्ट सहसा नजरेआड होते. सहजीवनाची कल्पना नवी नव्हती. मेरेझ्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये हरितलवकांबाबत आणि वॉलिन यांनी १९२७ मध्ये तंतुकणिकांबाबत ती मांडली होती. मार्ग्युलिस यांचे वेगळेपण असे की, त्यांनी ही कल्पना तपासता येईल अशा स्वरूपात मांडली : जे अंगक पूर्वी स्वतंत्र जीव होते, त्यांच्यात स्वतःचा डीएनए आढळला पाहिजे.

ह्या कसोटीवर पहिली दोन अंगे टिकली. रायबोसोमच्या आरएनएच्या तुलनेतून हरितलवकांचे नाते नीलहरित जीवाणूंशी, तर तंतुकणिकांचे अल्फा-प्रोटिओबॅक्टेरियांशी जुळले. मानवी तंतुकणिकेत आजही १६,५६९ आधारजोड्यांचा व ३७ जनुकांचा डीएनए आहे. तिसरे अंग मात्र त्याच कसोटीवर कोसळले. मूलकणांत डीएनए असल्याचा १९८९ मधील दावाही पुढील निरीक्षणांत टिकला नाही. तरीही मार्ग्युलिस यांनी २०११ मधील निधनापर्यंत हे अंग सोडले नाही. ह्यास निष्ठा म्हणावे की हट्ट, याविषयी मतभेद संभवतात. पण स्वतः घालून दिलेली कसोटी येथे त्यांनीच सैल केली, हा आक्षेप टाळता येत नाही.

निबंधाची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. पाहुण्यांचा विचार त्यात तपशिलाने येतो, यजमानाचा नाही. प्राणवायूविना जगणाऱ्या एका आदिकेंद्रकी पेशीने जीवाणू गिळला, एवढ्यावर लेखिका थांबतात. आदिकेंद्रकी पेशी सहसा गिळत नाही, ही अडचण तशीच राहते. वोज व फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किआंचा स्वतंत्र गट दाखविला, २०१५ मध्ये लोकीआर्किआ उजेडात आले, आणि यजमान याच वंशातला असावा या मतास बळ मिळाले. जपानी संशोधकांनी समुद्रतळाच्या गाळातून बारा वर्षांच्या प्रयत्नांनी वाढविलेला असा एक आर्किआ २०२० मध्ये सविस्तर वर्णिला गेला. तो गिळताना दिसत नाही. त्याला लांब, फाटे फुटलेले प्रवर्ध आहेत आणि तो इतर सूक्ष्मजीवांच्या सोबतीने जगतो. गिळण्याऐवजी वेढून घेण्याच्या कल्पनेला ह्यातून बळ मिळाले.

त्याच कुळातील ओडिनआर्किआंमध्ये ट्युब्युलिनसदृश प्रथिन असल्याचे आता ज्ञात आहे. २०२२ मध्ये त्याची संरचनाही प्रसिद्ध झाली. सूत्री विभाजनाचे तंतू ट्युब्युलिनचेच असतात. म्हणजे शीर्षकातील प्रश्नाचे जे उत्तर मार्ग्युलिस पाहुण्याकडे शोधत होत्या, त्याचा निदान एक धागा यजमानाच्याच घरात होता.