कृत्रिम झडपेचें निदान

ब्यॉर्क-शायली या यांत्रिक हृदय-झडपेची हकीकत इंग्रजींत पुष्कळदां सांगितली गेली आहे. परंतु ती सांगण्याची जी एक ठरीव रीत पडली आहे, ती आम्हांस पुरेशी वाटत नाहीं. एक लोभी कारखानदार, एक गाफील सरकारी खातें व बळी पडलेले रोगी अशीं तीन पात्रें उभीं केलीं कीं लेखकाचें काम संपतें. यांत असत्य फारसें नाहीं. या झडपेचा बहिर्गोल-अंतर्गोल नमुना १९७९ पासून १९८६ पर्यंत विकला गेला व अशा सुमारें ८६,००० झडपा माणसांच्या हृदयांत बसल्या. मंजुरी मिळवितांना सरकारची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून मालक फायझर कंपनीनें १९९४ सालीं १ कोटी ७॥ लक्ष डॉलर भरून तडजोड केली.

पण खरा पेंच या हकीकतीच्या मध्यावर आहे, आणि तेथेंच हे लेखक घाई करतात. धातूच्या कड्यांत कार्बनाची चकती डुलते; तिला दोन्ही अंगांनीं दोन कमानी आवरून धरतात. एक कमान कड्याशीं एकसंध घडविलेली. दुसरीचे दोन पाय मात्र वेल्डिंगनें सांधलेले. दिवसाला सुमारें लक्ष वेळां मिटणारी चकती मिटतांना केव्हां केव्हां या दुसऱ्या कमानीच्या टोंकावर आदळे. धातु थकून प्रथम एक पाय तुटे, पुढें केव्हां तरी दुसरा. मग चकती निसटून रक्ताबरोबर वाहून जाई. असें झालेल्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश रोगी दगावले.

निदानाला अवकाश काय तो या दोन तुटण्यांच्या मध्यें. आणि त्या काळांत रोग्याला कसलीच पीडा नसते! तो जिने चढतो, नातवंडांस खेळवितो. तुटलेलीं टोंकें इतकीं लगटून असतात कीं साध्या क्ष-किरण चित्रांत फट दिसत नाहीं. १९९० नंतर नेमक्या कोनांतून घेतलेलीं सूक्ष्म क्ष-किरण चलच्चित्रें आलीं, झडपेच्या आवाजाचें पृथक्करण करून पाहण्यांत आलें. तरी शाबूत पाय तुटका ठरविला तर निरोगी माणसाची छाती दुसऱ्यांदा उघडावयाची, आणि ती शस्त्रक्रियाच कित्येकांचा प्राण घेणारी. उलट चूक झाली तर परिणाम सांगावयास नको.

म्हणून झडपेचें माप, तिची जागा व रोग्याचें वय यांवरून धोक्याचे आंकडे काढण्यांत आले. आंकडे उपयोगाचे खरे. पण त्यांना निदान म्हणणें आम्हांस पटत नाहीं. हजारांत किती मरतील हें विमेवाल्यानें सांगावें. समोर बसलेल्या बाईच्या छातींतील पाय तुटला आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा.

शिवाय, दोन्ही कमानी कड्यासह एकाच धातुखंडांतून कोरलेली बिनजोड झडप त्याच कारखान्यानें काढली होती व १९८२ पासून ती रोग्यांना बसूं लागली होती. सांध्याची झडप त्यानंतरही चार वर्षें विकली जात होती. या हकीकतींत हें वाक्य आलेंच तर कोठें तरी कंसांत येतें.